उसना उजेड

पावसाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. उन्हाळ्यात पापड-कुरडया, दिवाळीत चकलीचं मोहन, आणि जुलै उजाडला की एकच तक्रार: कोथिंबिरीची जुडी हात लावू देत नाही, आणि घरी लावावी तर ऊन कुठाय? अशा पत्रांना मी आजवर ठरावीक उत्तर देत आले. कुंडी खिडकीत ठेवा, पाणी बेतानं घाला, वगैरे. पण या खेपेला आलेलं एक पत्र मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनी ठाण्याच्या. नाव सांगत नाही. त्यांची जुनी बैठी चाळ पुनर्विकासात गेली. तिथं दोन खोल्या आणि मागे हातभर अंगण होतं. त्या अंगणात त्यांच्या सासूबाईंचं राज्य. आळू, मेथी, कोथिंबीर, कोपऱ्यात कढीपत्ता. आता तिसऱ्या मजल्यावर छान तीन खोल्यांचं घर मिळालंय, पण गॅलरी उत्तरेला, आणि समोर पंचवीस फुटांवर अठरा मजली इमारत. ऊन असं येतच नाही. सासूबाई पंचाहत्तरीच्या. त्यांनी तीनदा मेथी पेरली, तीनदा कोथिंबीर. दरवेळी रोपं पांढुरकी, दोऱ्यासारखी लांब वाढतात आणि आडवी होतात. आता त्यांनी कुंड्या धुऊन पालथ्या घातल्यात. म्हणतात, "माझ्या हाताला आता काही येत नाही." आणि दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. सूनबाईंनी कुठंतरी जाहिरात पाहिली, घरात भाजी पिकवायचे दिवे, रॅक, टाइमर, सगळं मिळून बावीस हजार. भिशीचे पैसे पुढच्या महिन्यात हाती येणार आहेत. विचारतात, "घेऊ का?"

ताई, आधी दोन गोष्टी सांगते, मग बाकीचं. बावीस हजार घालू नका. आणि सासूबाईंना आजच सांगा की त्यांच्या हाताला काही झालेलं नाही. रोप लांबलचक, फिकं वाढून कोलमडतं ते उजेड कमी पडतो म्हणून. ते उजेड शोधत उंच जातं आणि त्यातच त्याची शिदोरी संपते. पाणी आणि खत कितीही चांगलं असलं तरी उजेडाची भूक त्यानं भागत नाही. उलट उपाशी रोपाला जास्त पाणी घातलं की मुळं कुजतात.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात तर लख्ख उजेड असतो! असं आपल्याला वाटतं खरं. आपले डोळे फार समंजस आहेत हो. उजेड कमी झाला की बाहुली मोठी करून ते भागवून घेतात, आपल्याला पत्ताही लागू देत नाहीत. झाडाला ती सोय नाही. उजेड मोजण्याचं माप आहे लक्स. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात साधारण एक लाख लक्स भरतात. पावसाळी ढगाळ दिवशी बाहेर दहा-पंधरा हजार, आभाळ फारच भरून आलं तर त्याहूनही कमी. आणि घरात? खिडकीला अगदी लागून दोन-तीन हजार, तिथून चार पावलं आत आलात की तीनशे-चारशे. माझ्या ओट्यावर रात्री ट्यूब लावून मी मोजलं, तर तीनशेही नीट भरेनात. आणि पालेभाजीला नीट वाढायला दिवसाचे बारा तास तरी दहा-पंधरा हजार लक्स लागतात. यावरून काय ते समजा.

मोजायला यंत्र विकत आणायला नको. मोबाइलमध्ये उजेड मोजायचं फुकटचं अ‍ॅप मिळतं. ते शंभर टक्के बरोबर नसतं, पण ही जागा बरी की ती बरी, एवढं नक्की सांगतं. तेही नको असेल तर जुनी युक्ती: दुपारी बाराच्या सुमाराला कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंच हात धरा. बोटं मोजता येतील अशी ठसठशीत सावली पडली तर जागा उत्तम. हाताचा नुसता धूसर आकार दिसला तर पुदिना, पानओवा यांच्यापुरती. सावलीच पडत नसेल तर तिथं भाजी पेरून बियाणं वाया घालवू नका.

दिव्यांकडे वळण्याआधी फुकटातली गोष्ट. जो उजेड आत येतो त्यातला निम्मा आपण वाया घालवतो. एका बाजूनं आलेला उजेड पानाला लागतो, उरलेला कुंडीमागच्या भिंतीत जिरतो. ती भिंत गडद रंगाची असली तर संपलंच. कुंडीमागे खिडकीकडे तोंड करून पांढरा पुठ्ठा उभा करा. रोप खिडकीकडे वाकायचं कमी होतं, मागची पानंही हिरवी राहतात. कुंडी रोज चतकोर फिरवायची सवय ठेवा म्हणजे झालं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. चकचकीत तेवढं चांगलं, असं आपल्याला वाटतं. म्हणून कुणी स्टीलचं ताट उभं करतं, कुणी आरसा. स्टील पडलेल्या उजेडातला साधारण साठ टक्केच परत फेकतं. बाकीचा गिळतं. साधा पांढरा, चमक नसलेला डिस्टेंपर ऐंशी टक्क्यांच्या वर परत देतो, आणि तो सगळीकडे सारखा पसरवून देतो. चुन्याची ताजी पांढरी भिंतही कमी नाही. आजीच्या घरात माजघराला वर्षातून एकदा चुना काढायचे, तो काही नुसत्या सणासाठी नव्हे! स्वयंपाकघरातली फॉइल उजेड चांगला परतवते, पण ती चुरगळते, आणि मग कुठं झळाळ तर कुठं सावली असा प्रकार होतो. शिवाय फॉइल म्हणजे धातू. विजेच्या वायरीजवळ तिला मी थारा देत नाही, तुम्हीही देऊ नका. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल पांढराशुभ्र असतो, उजेडाच्या दृष्टीनं झकासच, पण तो भुरकन पेट घेतो. दिव्याच्या बैठकीला चिकटवू नका.

आरशाचं तर विचारूच नका. सपाट आरशानं उन्हाचा तुकडा आत घेता येतो हे खरं, पण तो तुकडा सूर्याबरोबर सरकत राहतो. सकाळी तुळशीवर पाडलेला दुपारी सोफ्यावर. आणि दाढीचा खोलगट आरसा किंवा चकचकीत खोलगट भांडं तर थेट उन्हात ठेवूच नका. ऊन एका टिंबावर गोळा होऊन पडद्याला डाग पडतो, क्वचित आगही लागते. सनबोर्ड मिळतो बघा, मुलांच्या शाळेच्या प्रकल्पांना लागतो तो. त्याचे दोन तुकडे घ्या. धूळ बसली की ओल्या फडक्यानं पुसा, कारण धुळीनं पांढऱ्याचा करडा होतो आणि तुमचा परतावा घटतो.

आणखी एक. तुमच्या गॅलरीसमोरची भिंत सोसायटीच्याच मालकीची असली, तर पुढच्या रंगकामाच्या सभेत उठून उभ्या राहा आणि तिला पांढरा मागा. आमच्याकडे मी तीन वर्षं मागतेय. दरवेळी 'लवकर मळतो' म्हणून बदामी ठरतो. पण मागायला काय जातं?

ठाण्याच्या ताईंच्या गॅलरीत मात्र एवढ्यानं भागणार नाही. मुळात उजेडच नसेल तर परतवणार काय? तिथं उजेड उसनाच आणायला हवा.

दिव्याखाली भाजी पिकवायची हौस काही आजची नाही बरं का. १८८० साली, एडिसनचा बल्ब जेमतेम वर्षभराचा होता तेव्हा, विल्यम सीमेन्स या गृहस्थांनी इंग्लंडमध्ये विजेच्या आर्क दिव्याखाली झाडं वाढवून दाखवली होती. पुढं दहा-बारा वर्षांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात बेली नावाच्या प्राध्यापकांनी लेट्यूसवर हेच प्रयोग केले. उघड्या दिव्याजवळची झाडं त्यांना होरपळलेली आढळली, आणि दिव्यावर काचेचा गोल घातला की ती सुधारली. म्हणजे दिवा किती जवळ आणि कसा, हा प्रश्न तेव्हाही होताच. फक्त तेव्हा हे श्रीमंत काचघरांचं काम होतं. पिवळ्या बल्बची बरीचशी वीज उष्णतेतच जायची. आता एलईडी आली आणि ही गोष्ट आपल्या फळीवर आली. निळी एलईडी तयार करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं, ते उगाच नाही. आपली घरातली पांढरी एलईडी म्हणजे मुळात निळीच. तिच्यावर पिवळसर लेप देऊन तिचा उजेड पांढरा केलेला असतो. म्हणून त्यात झाडाला लागणारा निळाही असतो आणि तांबडाही.

हे मी इतक्या ठासून सांगते, कारण मी स्वतः फसलेय. चार वर्षांपूर्वी 'खास झाडांसाठी' म्हणून जांभळा दिवा मागवला. अठराशे रुपये. खोक्यावर 'ऐंशी वॅट'. शेजारच्या मुलानं प्लगला मीटर लावून मोजलं, तर अठरा वॅट! विकणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, बाई, ते 'समतुल्य' असतं. कशाशी समतुल्य, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि त्या उजेडानं सगळं स्वयंपाकघर जांभळं. भाजी ताजी की शिळी कळेना, पानावरचा मावा दिसेना, पिवळं पडलेलं पान काळं दिसे. आमचे हे म्हणाले, "मी हॉलमध्येच जेवतो." तिसऱ्या दिवशी वॉचमननं विचारलं, "ताई, पार्लर काढलंत काय?"

जांभळ्यामागे शास्त्र नाही असं नाही. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून तेवढेच दोन रंग द्यावेत, हा हिशेब. पण मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञांनी बावीस पिकांची पानं तपासून १९७२ साली दाखवून दिलं की हिरवा प्रकाशही पानाला बऱ्यापैकी उपयोगी पडतो. दाट वाफ्यात तर तो वरच्या पानांतून झिरपून खालच्यांपर्यंत पोचतो. तेव्हा पांढरा उजेड झाडालाही चालतो आणि घरच्या माणसांनाही. मग जांभळा कशाला? जंतू मारणारे अतिनील दिवे मिळतात, ते तर चुकूनही आणू नका. त्यानं डोळ्यांना इजा होईल, आणि पानंही भाजतील.

तर दुकानात गेल्यावर काय मागायचं? चार फुटी, वीस वॅटची एलईडी बॅटन ट्यूब. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळते, आमच्याकडे दोनशे ते तीनशेला. 'वॅट किती' यापेक्षा 'लुमेन किती' ते विचारा. वॅट म्हणजे ती खाते किती, लुमेन म्हणजे देते किती. आपण गाय घेताना वैरण किती खाते एवढंच विचारत नाही, दूध किती देते ते आधी विचारतो! दर वॅटमागे शंभर लुमेन तरी हवेत, म्हणजे वीस वॅटला दोन हजार. खोक्यावर लुमेन छापलेलेच नसतील, किंवा भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक नसेल, तर खोकं परत करा. रंगाचा आकडाही असतो. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, ३००० के म्हणजे पिवळसर. पालेभाजीला ४००० ते ६५०० मधलं काहीही घ्या. दुकानदाराकडं ६५०० च असतो, तो चालतो.

आता किती ट्यूब? वही घ्या आणि माझ्याबरोबर मांडा. चार फूट लांब, सव्वा फूट रुंद फळी म्हणजे पाच चौरस फूट, अर्ध्या चौरस मीटरला थोडी कमी. एका ट्यूबचे दोन हजार लुमेन सगळेच्या सगळे फळीवर पडले, तर चार हजारांवर लक्स होतात. पण सगळे कुठले पडायला? काही बाजूंनी निसटतात. तिन्ही बाजूंना पांढरे बोर्ड उभे केलेत, तर एका ट्यूबमागे तीन हजार धरा. म्हणजे दोन ट्यूबमध्ये सहा हजार, चारमध्ये बारा हजार. बोर्ड लावले नाहीत तर कडेच्या रोपांना मधल्यांच्या जेमतेम निम्मा उजेड मिळतो आणि ती मधे झुकतात. ते पाहिलं की समजावं, बोर्ड विसरलाय. समोरची बाजू मात्र उघडी ठेवा, आणि बाजूंना वर-खाली चार बोटं फट सोडा, हवा खेळली पाहिजे. पावसाळ्यात कोंडलेल्या दमट हवेत कोवळी रोपं बुडाशी सडून कोलमडतात. दुपारी तासभर टेबलफॅन हळू सोडलात तर उत्तम.

दोन ट्यूबमध्ये कोवळी मेथी, लसणाची पात, मोहरी-मुगाची कोवळी पानं एवढं होतं. पालक, कोथिंबीर, लेट्यूस हवं तर चार लावा. मिरची, टोमॅटो, वांगी यांचा नाद करू नका. फळ धरायला पंचवीस-तीस हजारांच्या घरात उजेड लागतो, आणि तेवढा उसना आणणं परवडत नाही. त्यांची रोपं मात्र दिव्याखाली छान तयार होतात, पुढं गच्चीत न्यायची. तुळशीला घरातला दिवा पुरत नाही. ती जिथं ऊन असेल तिथंच, मग ते शेजारणीच्या खिडकीत का असेना.

ट्यूब पानांच्या शेंड्यांपासून वीतभर उंच असावी, पंधरा ते वीस सेंटीमीटर. इथंच बहुतेकींचं चुकतं. दिवा छताला आणि कुंडी जमिनीवर, आणि मग म्हणायचं उगवत नाही! साध्या गोल बल्बपासून अंतर दुप्पट केलंत, तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. लांब ट्यूबचं थोडं बरं असतं, साधारण निम्म्यावर येतो. तेव्हा ट्यूब बारक्या साखळीवर टांगा आणि रोप वाढेल तशी एकेक कडी वर घ्या. वायरीवर टांगू नका, वायर वजन पेलायला नसते. वरची पानं पांढुरकी होऊन वळू लागली तर दिवा फार जवळ आलाय. रोप ताणून लांब होतंय तर दूर गेलाय.

तास किती? मेथीला चौदा तास चालतात. कोथिंबीर आणि पालक यांचा स्वभाव वेगळा. त्यांना दिवस मोठा वाटला की त्या फुलावर येण्याची घाई करतात, म्हणून बारा तासांवर जाऊ नका. रात्रभर दिवा लावून ठेवला की दुप्पट वाढेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. झाडालाही अंधार लागतो. प्लगमध्ये बसणारा टाइमर तीन-चारशेला मिळतो, तो घ्याच. नाहीतर 'दिवा बंद केला का' यावरून रोज रात्री घरात बोलाचाली.

आणि आता विजेचं. पाणी आणि वीज एकाच फळीवर आणतोय आपण, तेव्हा हा परिच्छेद कंटाळा आला तरी वाचा. तीन पिनांचाच प्लग, अर्थिंग असलेलाच सॉकेट. मेन स्विचजवळ गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आहे का, हे वायरमनकडून एकदा पाहून घ्या. नसेल तर आधी तो बसवा, मेथी महिनाभर थांबेल. टेप गुंडाळलेले जोड फळीवर नकोत. वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातच गळेल, प्लगात जाणार नाही. आणि पाणी घालताना आधी बटण बंद, मग तांब्या. सासूबाईंना हे दोनदा समजावून सांगा. त्या तुमच्यापेक्षा जास्त वेळ तिथं असणार आहेत. बटण त्यांच्या हाताच्या उंचीवर ठेवा, स्टुलावर चढायला लागेल असं नको. ट्यूबचा उजेड थेट डोळ्यांत येऊ नये म्हणून समोर वर चार बोटांची पांढरी पट्टी लावा.

हिशेब राहिला. दोन ट्यूब म्हणजे चाळीस वॅट, चौदा तास, महिन्याला सतरा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर एकशेसत्तर. चार ट्यूब बारा तास लावल्या तर एकोणतीस युनिट, म्हणजे तीनशेच्या जवळ. माझ्या फळीवर कोवळी मेथी महिन्यात दोनदा निघते, दरवेळी बाजारातल्या लहान पाच-सहा जुड्यांएवढी. श्रावणात भाव चढले की खर्च निघतो, थंडीत दहा रुपयांना मोठी जुडी मिळते तेव्हा मुळीच निघत नाही. मी थंडीत दिवे बंदच ठेवते. तेव्हा 'घरबसल्या महिन्याला इतके हजार' असं त्या जाहिरातीत लिहिलेलं असेल, तर कात्री घेऊन तेवढी ओळ कापून टाका. ज्यांना कोवळी पानं विकायची आहेत त्यांनी आधी एका फळीवर तीन महिने पिकवावं, गिऱ्हाईक शोधावं, वही ठेवावी, आणि मगच दुसऱ्या फळीचं बघावं. बियाणं, वीज, डबे आणि न विकलेला माल धरून मगच नफा म्हणायचं.

ताई, तुमचा प्रश्न नफ्याचा नाही हे मला कळतं. म्हणून तुमच्यापुरतं सांगते. दोन ट्यूब, साखळी, टाइमर, सनबोर्डचे तीन तुकडे आणि वायरमनची मजुरी, सगळं दीड-दोन हजारांत होईल. घरात पुस्तकांची नाहीतर भांड्यांची एक फळी रिकामी करा. शक्यतो सासूबाई बसतात तिथून दिसेल अशी, पण टीव्हीच्या शेजारी नको.

पहिली पेरणी मेथीची करा, आणि तीही आपल्या समुद्रमेथीच्या धर्तीवर. मुंबईच्या बाजारात ती बोटभर उंचीची, मुळांसकट बांधलेली बारकी जुडी असते ना, तीच. समुद्राकाठच्या रेताड जमिनीत दाट पेरतात आणि कोवळी असतानाच उपटतात. दाण्यातच थोडी शिदोरी असते, त्यामुळं ती कमी उजेडातही दगा देत नाही. मेथीदाणे रात्री भिजवायचे, तळाला भोकं पाडलेल्या पसरट ट्रेमध्ये तीन बोटं माती, थोडी वाळू, त्यावर दाणे दाट पसरायचे आणि वर मातीचा पातळ थर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड वर येतात. मोड दिसल्या दिवसापासून दिवा. दहा-बारा दिवसांत परतून भाजी. शेजारच्या ट्रेमध्ये लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोचा. पात आठवड्यात वर येते, वरून कापली की पुन्हा येते. दोन-तीनदा घेतली की पाकळी थकते, मग नवी लावायची.

कोथिंबीर तिसरी. तिला आणखी दोन ट्यूब लागतील, त्या मेथी जमल्यावर घ्या. धणे रगडून दोन करायचे, रात्रभर भिजवायचे. उगवायलाच आठ-दहा दिवस घेते, आणि कापायला पाच-सहा आठवडे. पहिल्याच खेपेला ती लावलीत, तर तेवढा धीर आत्ता तुमच्या घरात कुणाला नाही.

हे सगळं मांडून झाल्यावर सासूबाईंना 'तुमच्यासाठी आणलं' असं म्हणू नका. त्या 'कशाला खर्च केलास' म्हणतील आणि हात लावणार नाहीत. ट्रेमध्ये माती भरून ठेवा आणि विचारा, दाणे किती दाट टाकू. तुम्ही टाकाल ते त्यांना पटणार नाहीच.

कोथिंबीर बारा तासांच्या दिव्याखाली कितव्या दिवशी फुलावर येते, ते तारीख घालून मला कळवा. माझी छत्तिसाव्या दिवशी आली होती, पण आमचं स्वयंपाकघर गरम असतं.